पाहुण्यांच्या गॅलरीत माळकरी

आळंदीच्या माणसाला गर्दीचं अप्रूप नसतं. पालखीच्या प्रस्थानाला आणि पुन्हा कार्तिकीला आमच्या गावात गावकऱ्यांपेक्षा पाहुणेच जास्त असतात. ओसरीवर परभणीची मंडळी, गच्चीवर जालन्याची आणि घरच्या पोरांची पथारी स्वयंपाकघरात. त्यामुळे डॉर्टमुंडच्या मैदानात ८१ हजार माणसं एका सुरात गायला लागली तेव्हा मी दचकलो तो आवाजाने नाही. आज ओसरीवरचा माणूस मी आहे, हे ध्यानात आलं म्हणून दचकलो.

माझी नोकरी चाकणच्या पट्ट्यातली. प्रशिक्षणासाठी तीन महिने जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गला राहिलो, तिथल्या फुटबॉल संघावर जीव जडला आणि एका शनिवारी त्याच्या पाठीराख्यांबरोबर परगावच्या सामन्याला, डॉर्टमुंडला, गेलो. गळ्यात तुळशीची माळ, तिच्यावर हिरवा-पांढरा स्कार्फ. तेव्हापासून दुसऱ्याच्या मुलखात जाऊन आपल्या संघासाठी घसा बसवून घेणाऱ्या माणसांच्या गोष्टी मी जमवतो. त्यातल्या काही इथे मांडतो.

चाकण आणि वोल्फ्सबुर्ग, साल एकच

फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्याचं उद्घाटन ३१ मार्च २००९ रोजी झालं. चारच दिवसांनी, ४ एप्रिलला, वोल्फ्सबुर्गने बायर्न म्युनिकला ५-१ असं लोळवलं. त्या दिवशी ब्राझीलच्या ग्राफितेने बचाव फळी चुकवत जाऊन टाचेने मारलेला गोल अजूनही पुन्हा पुन्हा दाखवला जातो. २३ मे रोजी ब्रेमेनलाही ५-१ नेच हरवून संघ पहिल्यांदा जर्मनीचा विजेता झाला. ग्राफितेचे २८ आणि एडिन जेकोचे २६, दोघांचे मिळून एका मोसमात ५४ गोल. विजेतेपदाचा मान संघाला पुन्हा मिळालेला नाही. चाकणच्या माणसाने ते वर्ष आपलं समजायला माझी काहीच हरकत नाही.

वोल्फ्सबुर्ग शहरही आपल्या पिंपरी-चिंचवडच्याच जातकुळीतलं. कारखाना आधी, गाव मागाहून. १९३८ साली मोटारी बनवणाऱ्या कामगारांना राहायला म्हणून ते वसवलं गेलं. महायुद्ध संपल्यावर, १९४५ मध्ये, जवळच्या एका जुन्या गढीवरून त्याला आजचं नाव मिळालं आणि त्याच वर्षी हा क्लब निघाला. आपल्याकडे १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग एमआयडीसी, मग वसाहती, मग शाळा आणि गणेश मंडळं. क्रम तोच. वोल्फ्सबुर्गच्या स्टेशनवर उतरलं की कालव्यापलीकडे कारखान्याच्या वीजघराची चार धुराडी दिसतात. तिथून स्टेडियम पायी पंधरा मिनिटांवर. जर्मनीत क्लबचा ताबा सभासदांकडेच राहावा असा नियम आहे. कारखान्यांच्या पोटी जन्मलेल्या वोल्फ्सबुर्ग आणि लेव्हरकुझेन या दोन क्लबांना मात्र त्यातून सूट मिळालेली आहे.

सॉसेजला पार्ट नंबर

ही माझी सगळ्यांत आवडती माहिती. वोल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यात स्वतःचा खाटीकखाना आहे आणि तिथे बनणाऱ्या करीवुर्स्ट नावाच्या मसालेदार सॉसेजला चक्क सुट्या भागाचा क्रमांक आहे: १९९ ३९८ ५०० ए. सोबतच्या केचपचाही क्रमांक आहे, शेवटचं अक्षर फक्त बी. कित्येक वर्षं या कंपनीने त्या नावाच्या मोटारींपेक्षा सॉसेज जास्त विकली आहेत. २०२१ मध्ये मुख्यालयातल्या एका उपाहारगृहाने मांसाहार बंद केला आणि करीवुर्स्ट गेलं, तर त्याची चर्चा देशभर रंगली. माजी चॅन्सेलर गेरहार्ड श्रोडर यांनीही जाहीर नापसंती दाखवली. २०२३ मध्ये ते परत आलं.

माळकऱ्याला त्याचा काय उपयोग? खायला काही नाही. पण बारा वर्षं पार्ट नंबर लिहिण्यात घालवलेल्या माणसाला, आपल्या हातच्या बिजागरीइतकाच मान एका खाद्यपदार्थाला देणाऱ्या लोकांविषयी आपुलकी वाटल्याशिवाय राहत नाही. मी स्टेडियमवर ब्रेत्सेल खायचो. आपल्या हाताच्या घडीसारखा वळलेला, वरून जाड मीठ लावलेला पाव. बरोबर सफरचंदाचा रस घातलेला सोडा. बियरच्या देशात हे पेय मागितलं म्हणून कुणी भुवई उंचावली नाही. गाडी चालवणारे सगळे तेच पितात.

अंतर पंढरपूरएवढं

वोल्फ्सबुर्ग ते डॉर्टमुंड रस्त्याने पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आळंदी ते पंढरपूर आणि वर थोडंसं. आमची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पोचते. ही आगगाडी अडीच तासांत पोचते. पण त्या अडीच तासांत माझ्या डब्यात जे घडलं ते दिंडीपेक्षा वेगळं नव्हतं.

समोर एक निवृत्त कामगार आजोबा बसले होते. अंगात बाह्या कापलेलं जीनचं जाकीट आणि त्याच्यावर तसूभरही मोकळी जागा नाही, इतके कापडी बिल्ले शिवलेले. या जाकिटाला तिकडे ‘कुटं’ म्हणतात आणि ते धूत नाहीत. प्रत्येक बिल्ला म्हणजे एक प्रवास, एक वर्ष, एखादा गेलेला मित्र. मला आमच्या दिंडीतल्या म्हाताऱ्यांच्या पताका आठवल्या. कापड विटतं, काठी बदलते, पण पताका टाकत नाहीत. मी आईने दिलेले शेंगदाण्याचे लाडू काढले. आजोबांनी एक घेतला, मागच्या बाकावरच्या पोरांनी डबा फिरवत फिरवत रिकामा केला आणि बदल्यात मला एक गाणं शिकवलं. शब्द निम्मे कळले. चाल दोन फेऱ्यांत बसली. भजनाच्या फडात वाढलेल्या माणसाला धृपद कुठे उचलायचं ते सांगावं लागत नाही.

एक सोय मला फार भावली. बहुतेक जर्मन क्लबांच्या सामन्याचं तिकीट हेच त्या दिवशीचं शहरातल्या लोकलचं आणि बसचंही तिकीट असतं. डॉर्टमुंडलाही तसंच. गहुंज्याला क्रिकेटचा सामना असताना देहूरोडच्या बाजूने हमरस्त्यावर जे होतं ते ज्यांनी भोगलं आहे, त्यांना या एका ओळीचं मोल कळेल.

पाहुण्याचा वाटा

पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना किती जागा द्यायची, याचेही नियम असतात. जर्मन लीगमध्ये स्टेडियमच्या दहा टक्के. युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये किमान पाच टक्के, आणि तिथे पाहुण्यांच्या तिकिटाला कमाल मर्यादाही घातलेली आहे: २०१९ मध्ये ७० युरो, २०२४ मध्ये ६०, २०२५ पासून ५०. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्याचं तिकीट ३० पौंडांपेक्षा महाग असू शकत नाही. हा नियम २०१६ मध्ये आला, तोही पाठीराख्यांनी लावून धरला म्हणून. मैदान दिसेल अशा जागी बसून दारू प्यायला इंग्लंडमध्ये १९८५ पासून कायद्याने बंदी आहे. जर्मनीत बियरचा पेला हातात घेऊन उभं राहता येतं.

उलट बाजूही आहे. अर्जेंटिनात हाणामाऱ्यांमुळे २०१३ पासून लीगच्या सामन्यांना पाहुण्या पाठीराख्यांवर बंदी आली. ज्या देशाचे निळे-पांढरे झेंडे कोल्हापूरच्या गल्ल्यांत लागतात, त्याच देशात वर्षानुवर्षं परगावचा सामना बघायला जाता येत नव्हतं, ही गोष्ट मला खरोखर दुःखाची वाटते. नेदरलँड्समध्ये काही सामन्यांना पाहुण्यांनी ठरवून दिलेल्या बसनेच यायचं आणि त्याच बसने परतायचं असा दंडक असतो.

आणि नियम वाकवणारा पाहुणा? त्यात फ्रँकफुर्टचा हात कोणी धरू शकत नाही. १४ एप्रिल २०२२, बार्सिलोनाचं काम्प नोउ स्टेडियम. फ्रँकफुर्टच्या वाट्याला अधिकृत तिकिटं ५ हजार. प्रत्यक्षात आत शिरले सुमारे ३० हजार, सगळे पांढऱ्या कपड्यांत. बार्सिलोनाच्या सभासदांची तिकिटं हातोहात फिरली होती. फ्रँकफुर्टने सामना ३-२ ने जिंकला आणि पुढे त्या युरोपीय स्पर्धेचा करंडकही.

चोपदार आणि कापो

डॉर्टमुंडच्या फाटकावर झडती घेणाऱ्या माणसाचा हात माझ्या गळ्याशी थांबला. स्कार्फच्या आत काय आहे? मी माळ बाहेर काढून दाखवली. लाकूड, म्हणालो. त्याने दोन मणी बोटांत धरून पाहिले, मान हलवली आणि स्कार्फ पुन्हा नीट गुंडाळून दिला. पुढे पाहुण्यांचा कप्पा. दोन्ही अंगांना जाळी, जिना वेगळा, स्वच्छतागृहं वेगळी. आम्ही जेमतेम दीड-दोन हजार असू. समोरच्या टोकाला त्यांची ती पिवळी भिंत: नुसत्या उभ्याने बघणाऱ्या २४,४५४ माणसांची एकच गॅलरी, युरोपातली उभ्याने बघायची सगळ्यांत मोठी.

आमच्या पुढ्यात कठड्यावर एक तरुण चढला, हातात भोंगा. याला ‘कापो’ म्हणतात. कापो मैदानाकडे पाठ करून उभा राहतो. सगळा सामना. गोल झाला तर तो त्याला आमच्या चेहऱ्यांवरून कळतो. नव्वद मिनिटं दुसऱ्यांना गाता यावं म्हणून तो स्वतः काही बघत नाही. माझ्या डोळ्यांपुढे आमचे वीणेकरी आले. दिंडीत झेंडेकरी पुढे, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग, आणि गळ्यात वीणा घेतलेला तो एक माणूस, जो चालीची सुरुवात करतो आणि वाटेत वीणा खाली ठेवत नाही.

पण खरा जोड चोपदारांचा आहे. संध्याकाळी पालखी तळावर पोचते, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार हातातला दंड वर करतात आणि सगळा तळ क्षणात गप्प होतो. त्या शांततेत हरवले-सापडले पुकारतात, उद्याच्या वाटचालीच्या सूचना देतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी मात्र थांबत नाही. टाळ वाजवतच राहते. चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, मग आरती होते.

जर्मन पाठीराख्यांची तक्रारीची रीत याच्या अगदी उलटी. २०१२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये स्टेडियमवरच्या सुरक्षेचे कडक नियम येऊ घातले होते, तेव्हा देशभरातल्या गॅलऱ्यांनी प्रत्येक सामन्याची पहिली १२ मिनिटं आणि १२ सेकंद तोंडातून अवाक्षर काढलं नाही. ज्यांचा आवाज हीच त्यांची ओळख, त्यांनी तो आवाज काढून घेतला. २०२४ च्या सुरुवातीला लीगमध्ये बाहेरच्या गुंतवणूकदाराला वाटा देण्याचा बेत होता, त्या वेळी मैदानावर टेनिसचे चेंडू पडले. सामने थांबले, आणि फेब्रुवारीत लीगने तो बेत सोडून दिला. आपलं गाऱ्हाणं आम्ही आवाजाने सांगतो, ते शांततेने. ऐकणारा असला की दोन्ही पोचतं.

आम्ही सामना हरलो. शेवटच्या पाच मिनिटांत कापोने आमचा आवाज सगळ्यांत वर नेला.

बालेवाडीला आलेले पाहुणे

आता घरची गोष्ट. आमच्या पट्ट्यातला फुटबॉलप्रेमी हा कायमचा प्रवासी आहे. पुणे एफसी होता, तो २०१५ ला थांबला. भारत एफसी एकाच मोसमापुरता. २०१४ मध्ये एफसी पुणे सिटी आला, फ्रान्सचा विश्वविजेता दाविद त्रेझेगे बालेवाडीत खेळला, केशरी कपड्यांतली ‘ऑरेंज आर्मी’ उभी राहिली. २०१९ मध्ये क्लब गुंडाळला गेला आणि त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद आलं. क्लब बंद पडला की खेळाडूंना दुसरा संघ मिळतो. पाठीराख्याचा स्कार्फ कपाटात जातो. आता चांगला सामना बघायचा तर मुंबई, गोवा, नाहीतर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची झुंज बघायला कोल्हापूरचं शाहू स्टेडियम. आम्हाला घरचं मैदान नाही. सगळेच सामने परगावचे.

पण अधूनमधून परदेशच बालेवाडीला येतो. १८ सप्टेंबर २०२३, गणपतीच्या आदल्या दिवशी, मुंबई सिटीने आशियाई चॅम्पियन्स लीगमधला आपला ‘घरचा’ सामना इथे खेळला. म्हणजे घरच्या पाठीराख्यांनाच द्रुतगती मार्गाने घाट चढून यावं लागलं, तेही सगळा महाराष्ट्र मखर आणि मूर्ती घेऊन रस्त्यावर असताना. समोर होता इराणचा नसाजी माझंदरान. ‘नसाजी’ म्हणजे कापड विणण्याचं काम. कॅस्पियन समुद्राजवळच्या काएमशहर या गिरणीगावात १९५९ साली निघालेला हा क्लब. कापडगिरणीचं नाव लावणारा संघ हिंजवडी आणि पिंपरीच्या मधल्या मैदानावर उतरला, यापेक्षा योग्य पाहुणा कोण असणार? तो २-० ने जिंकून गेला. त्याच गटात उझबेकिस्तानच्या नमनगानचा नवबहार होता. ४ डिसेंबरला नवबहारनेही बालेवाडीत २-१ ने बाजी मारली. त्या दिवसांत आळंदीत कार्तिकीसाठी दिंड्या यायच्या बेतात होत्या.

तिसरा पाहुणा सौदीचा अल-हिलाल, आणि त्यात नेमार! सामना नव्या मुंबईत डी. वाय. पाटीलवर ६ नोव्हेंबरला ठरला. १७ ऑक्टोबरला ब्राझीलकडून खेळताना नेमारचा गुडघा गेला. नेमका तसाच चटका पुढे गोव्याला बसला. २२ ऑक्टोबर २०२५, दिवाळीचा पाडवा, फातोर्ड्यात एफसी गोवासमोर अल-नस्र. त्यांचा रोनाल्डो आलाच नाही. तरी गोव्याच्या ब्रायसन फर्नांडिसने त्यांच्यावर गोल केला, सामना १-२ असा निसटला. मला विचाराल तर घरच्या पोराचा तो गोल परदेशी ताऱ्याच्या हात हलवण्यापेक्षा कितीतरी मोठा.

बालेवाडीचा सगळ्यांत मोठा क्षण मात्र फार थोड्यांनी पाहिला. ३० जानेवारी २०२२, महिलांचा आशिया चषक. फिलिपिन्सने चायनीज तैपेईला पेनल्टींवर हरवलं आणि विश्वचषकात जागा मिळवली. पुरुष असोत वा महिला, त्या देशाच्या वरिष्ठ संघाने विश्वचषक गाठण्याची ती पहिलीच वेळ. शेवटची पेनल्टी मारली सरिना बोल्डनने. दीड वर्षाने विश्वचषकात यजमान न्यूझीलंडला हरवणारा गोलही तिचाच. करोनाच्या दिवसांत झालेल्या त्या सामन्याची ना पाटी आहे ना फलक. क्रीडासंकुलात एखादी लावावी, असं मला मनापासून वाटतं.

पायी, गाडीने आणि डोंगरावरून

२०२४ च्या युरो स्पर्धेसाठी एक स्कॉटिश तरुण ग्लासगोहून म्युनिकपर्यंत चालत गेला, सुमारे हजार मैल. पुरुषांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी गोळा करत. हे वाचून माझे वडील म्हणाले, “अरे, हा तर वारकरीच.” तिथला सामना स्कॉटलंड ५-१ ने हरला. वारकऱ्यांनाही कळस बघूनच परतावं लागतं, तर त्याला काय.

२०२२ च्या कतार विश्वचषकाला केरळातली पाच मुलांची आई स्वतःची महिंद्रा थार घेऊन निघाली. मुंबईहून गाडी जहाजाने ओमानला पाठवली आणि पुढे आखाती देशांतून एकटीने चालवत दोहाला पोचली.

मार्च २०२१ मध्ये गहुंज्याचे भारत-इंग्लंड एकदिवसीय सामने करोनामुळे प्रेक्षकांविना झाले. अंगावर तिरंगा रंगवणारे सुधीर कुमार मग स्टेडियमजवळच्या डोंगरावर चढले आणि तिथून झेंडा हलवत राहिले. आत फक्त मोकळ्या खुर्च्या होत्या. झेंडा तरी होता.

लांबच्या पल्ल्यात ऑस्ट्रेलियाची लीगही मागे नाही. पर्थ ते न्यूझीलंडचं वेलिंग्टन, सव्वापाच हजार किलोमीटर, आणि दोघांतल्या सामन्याचं नावच ‘लांबचा डर्बी’. युरोपात २०२५ मध्ये कझाकस्तानचा कैरात अल्माटी चॅम्पियन्स लीगसाठी लिस्बनला गेला, जवळजवळ ६,९०० किलोमीटर. तिथे पाहुण्यांच्या कप्प्यात जे बसले असतील त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

ओव्हलवरचा हत्ती

फुटबॉल नाही, पण ही मराठी माणसाची गोष्ट आहे, तेव्हा वगळणार नाही. ऑगस्ट १९७१, लंडनचं ओव्हल मैदान, अजित वाडेकरांचा संघ. गणेश चतुर्थीचं निमित्त साधून भारतीय पाठीराख्यांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली आणि फिरवली. भारताने तो कसोटी सामना चार गडी राखून जिंकला. इंग्लंडमधला भारताचा पहिला मालिका विजय. परक्या मैदानावर पाठीराख्यांनी नेलेली इतकी वजनदार गोष्ट मला दुसरी सापडलेली नाही.

नाव ‘यात्रेकरू’

भारतीय फुटबॉल संघाच्या मागे फिरणाऱ्या पाठीराख्यांच्या गटाने २०१७ मध्ये आपलं नाव ठेवलं ‘ब्लू पिलग्रिम्स’, निळे यात्रेकरू. आळंदीच्या माणसाला यावर आणखी काय सांगायचं?

त्यानंतरच्या वर्षी मुंबईत काय झालं ते आठवा. १ जून २०१८, अंधेरी, भारत विरुद्ध चायनीज तैपेई, प्रेक्षक २,५६९. सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली आणि दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर हात जोडले: आम्हाला शिव्या द्या, पण मैदानावर या. केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली. घरच्या मैदानावर बोलावणं करावं लागलं, आणि आखातात? तिथे परका सामना घरचा होतो. सप्टेंबर २०१९ मध्ये दोहात भारताने आशिया विजेत्या कतारला ०-० असं रोखलं, छेत्री आजारी असताना. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतला कुवेतमध्ये १-० ने हरवलं, गोल मनवीर सिंगचा. जानेवारी २०२४ मध्ये आशिया चषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३५ हजारांहून अधिक प्रेक्षक होते आणि स्टेडियम निळं दिसत होतं. ही माणसं विमानाने सामन्याला आलेली नव्हती. तिथेच बांधकामावर, दुकानांत, रुग्णालयांत काम करणारी. पाळी संपवून आलेली. घर सोडलेल्या माणसाकडे एक दिवस घरच चालून येतं, आणि म्हणून तो आवाज इतका मोठा असतो.

जागा कशी सोडली

जपानी पाठीराखे सामना संपल्यावर गॅलरीतला कचरा पिशव्यांत भरतात. १९९८ च्या फ्रान्समधल्या विश्वचषकात, जपानच्या पहिल्याच खेपेला, हे जगाने पाहिलं. २०२२ मध्ये कतारमध्ये तर जपान खेळतही नसलेल्या उद्घाटनाच्या सामन्यानंतर त्यांनी झाडलोट केली. आमच्याकडे ‘निर्मल वारी’ने पालखीतळांवर फिरती स्वच्छतागृहं आणली, तेव्हापासून मागे राहिलेली गावं आम्हाला निरोप देताना अधिक मोकळेपणाने हसतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. जर्मनीत पेल्यावर अनामत घेतात, पेला परत केला की पैसे परत. आजोबा आमच्या रांगेतले सगळे पेले गोळा करत होते. पैसे त्यांनी एका देणगीच्या डब्यात टाकले.

परतीची वाट

आषाढीच्या वाटेवर लाखो माणसं असतात. पण पालखी परतही येते, आणि त्या परतीच्या वाटेवर मोजकीच मंडळी असतात. ना कॅमेरे, ना स्वागताच्या कमानी. डॉर्टमुंडहून परतताना डब्यात तसंच होतं. पोलिसांनी आम्हाला अर्धा तास कप्प्यातच थांबवलं, यजमानांची गर्दी पांगल्यावर सोडलं. गाडीत निम्मे झोपले. आजोबांनी त्या दिवशीचा नवा बिल्ला काढून जाकिटावर जागा शोधली. जागा नव्हती. मग त्यांनी गळ्यातला स्कार्फ काढून माझ्या हातात ठेवला, माझा नवा कोरा स्वतःच्या गळ्यात घातला आणि डोळे मिटले. मध्यरात्री ती चार धुराडी दिसली.

तो स्कार्फ आता आळंदीत आमच्या ओसरीवर खुंटीला असतो, माझ्या आजोबांच्या पटक्याशेजारी. मागच्या कार्तिकीला इंद्रायणीवरून वारा सुटला होता. पहाटे काकड्याला निघालेल्या परभणीच्या बाबांनी खुंटीकडे हात केला, “कुणाचं हाय हे?” तुमचंच, म्हटलं. त्यांनी तो हिरवा-पांढरा स्कार्फ कानांवरून दोन वेढे गुंडाळला, टाळ उचलले आणि देवळाकडे चालू लागले.